मुक्कामास हरकत नाही

आमच्या गावात कुठलाही अर्ज एकटा जात नाही. विजेची जोडणी असो, मुलीला वसतिगृहात जागा हवी असो की म्हाताऱ्याला मोठ्या दवाखान्यात खाट, अर्जाच्या पाठीला चार वजनदार माणसांची शिफारसपत्रं टाचलेली असावी लागतात. नुसता अर्ज गेला तर साहेबाला वाटतं, ह्याच्या मागं कोणी नाही. मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं शिकवली आणि संध्याकाळी ओट्यावर बसून गावाची शिफारसपत्रं लिहिली. मजकूर माझा, शिक्का दुसऱ्याचा. 'सदर इसम अत्यंत होतकरू व कष्टाळू असून' हे तर मी इतक्या वेळा लिहिलंय, की लिहिताना तो इसम डोळ्यांसमोर आणायची गरजच पडत नसे. आणला असता तर हात थांबला असता.

त्यामुळे मला स्वतःला न्यूझीलंडला जायचं ठरल्यावर जे काही झालं, त्याबद्दल तक्रार मी कोणत्या तोंडानं करू हा प्रश्नच आहे. पण करणार आहे.

माझी लेक तिकडे ऑकलंडला असते. सणसवाडीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होती, तिथेच एका मुलाशी जमलं. मुलगा कासुर्डीचा, आपल्यातलाच निघाला, त्यामुळे भावकीला बोलायला जागा राहिली नाही. लग्न झालं आणि दोघं नोकरीच्या मागे समुद्रापार गेले. दोन वर्षांपूर्वी तिला दिवस गेले होते, ते तिसऱ्या महिन्यात संपलं. तिनं मला आठ दिवसांनी सांगितलं. "तू तिथून काय करणार होतीस, आई," म्हणाली. खरं होतं, पण मला ते फार लागलं. ह्या खेपेला पाचव्या महिन्यात तिचा फोन आला. एरवी माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलणारी पोर, पण त्या दिवशी हळू म्हणाली, "आई, येशील? मला भीती वाटते."

कासुर्डीच्या विहीणबाईंना विचारून पाहिलं. त्यांनी आधी गुडघे दाखवले, मग रीत सांगितली. "पहिलं बाळंतपण आईचं असतंय, बाई. दुसऱ्याला आमी हायेच की." म्हणजे जायचं तर मीच, आणि मी नाही गेले तर कोणीच नाही. एवढं मनाशी पक्कं करून मी कागदांच्या मागे लागले.

पासपोर्ट नव्हता. पुण्याला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले. मग पडताळणीसाठी दारात हवालदार आले, ते निघाले माझेच विद्यार्थी. खुर्चीवर बसायला तयार होईनात. उभ्या उभ्याच, छताकडे बघत त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्यावर काही गुन्हा दाखल हाय का?" मी म्हटलं, "तुला सातचा पाडा येत नव्हता तेव्हा हातावर पट्टी मारली होती, तेवढाच." त्यांनी कागदावर 'निरंक' लिहिलं आणि चहा न पिताच गेले.

व्हिसाचं काम मात्र दौंडला नेलं. आमचं गाव तालुक्यानं शिरूरचं, पण नदीवरचा पूल ओलांडला की दौंड. सातबारा आणि कोर्टकचेरीसाठी आम्ही शिरूरला जातो. रेल्वे, कापडचोपड आणि जगाशी संबंध असलं बाकी सगळं दौंडला. तिथे स्टेशनच्या बाजूला एका गाळ्यात एक ताई ऑनलाइन अर्ज भरून देतात. तिशीतल्या, बारीक चष्म्याच्या, आणि गोडगोड बोलायची सवय नसलेल्या. मला त्या पहिल्याच दिवशी आवडल्या. त्यांनी यादी काढून दिली: पासपोर्ट, फोटो, पेन्शनचे कागद, बँकेचा उतारा, लेकीचं बोलावण्याचं पत्र, तिथल्या दवाखान्याचा तारखेचा दाखला. शेवटी होतं, परत येणार असल्याचा पुरावा.

"हा कसा द्यायचा?" मी विचारलं.

"तुमचं इथं काय काय आहे ते दाखवायचं, मॅडम. घर, जमीन, माणसं. तुम्ही तिथंच राहून जाल अशी शंका त्यांना येता कामा नये."

हे सोपं होतं. घराचा उतारा होता, माझ्या नावची दीड एकर जमीन होती, पेन्शन होती. एवढ्यावर भागलं असतं. पण घरी आल्यावर चहा पिता पिता मी ती यादी मोठ्यानं वाचली, आणि समोर आबा बसले होते.

आबा म्हणजे माझे थोरले दीर. घरं वेगळी, पण ओटा आणि परसदार एकच. आमचे मालक गेल्यापासून घरातले कर्ते पुरुष तेच. दोनदा सरपंच झाले, तिसऱ्यांदा पडले. ते पडणं मात्र त्यांनी अजून मान्य केलेलं नाही. 'पुरावा' हा शब्द ऐकल्यावर त्यांनी कप खाली ठेवला. "पुरावा पायजे व्हय? मंग तुमी कशाला हिंडताय, बाई? ते माज्याकडं लागलं." सगळं गाव मला बाई म्हणतं, म्हणून तेही म्हणतात.

त्यांच्या उत्साहाला आणखी एक कारण होतं. आमची पिढीजात मेंढरं. सासरे दर साली दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हलवायचे आणि मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे. वाटेत कितीतरी गावं लागत, पण कागद कोणी मागितला नाही. आता मेंढरं गेली, ऊस आला, ऊस आल्यावर बिबटे आले. पण लेकीनं एकदा फोनवर सांगितलं होतं, की तिच्या देशात माणसांपेक्षा मेंढरं जास्त आहेत. तेव्हापासून आबा न्यूझीलंडबद्दल भावकीतल्यासारखं बोलायचे. "चांगला देश हाय त्यो. मानसं समजदार असनार," ते पारावर सांगायचे. जणू जाऊन आलेत.

पुढचे पंधरा दिवस आबा मोटारसायकलवर होते. दूध डेअरीचे चेअरमन, विकास सोसायटीचे चेअरमन, तंटामुक्तीचे अध्यक्ष, मंदिराच्या जीर्णोद्धार समितीचे खजिनदार, पाणीवापर संस्थेचे सचिव. प्रत्येकाचं लेटरहेड, प्रत्येकाचा शिक्का. शिक्का गोल असला तर आबा तो कागद वर ठेवायचे, चौकोनी असला तर खाली. चौकोनी शिक्का झेरॉक्सच्या दुकानदाराकडेही असतो, असं त्यांचं म्हणणं.

आता आमच्याकडची दुसरी रीत सांगायला हवी. एका पॅनलच्या माणसाकडून पत्र घेतलं की दुसऱ्या पॅनलच्या माणसाकडूनही घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर तो पाच वर्षं बोलून दाखवतो, आणि घरात कोणी गेलं तर दहाव्याला येऊन लांब उभा राहतो. सध्याच्या सरपंच एक बाई आहेत. कारभार त्यांचे यजमान बघतात, आणि बाईंची सहीसुद्धा बाईंपेक्षा चांगली तेच करतात. ह्या यजमानांचा आणि आबांचा विस्तव जात नाही. तरी आबा माझ्यासाठी त्यांच्या दारात गेले, ही त्यांची माया मी कबूल करते. यजमानांनी त्यांना बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "पत्र कशाला, आबा? बाईंनी गावची पोरं घडवली. ग्रामसभेचा ठरावच घीऊ की."

आबांना नाही म्हणता येईना. पत्रापेक्षा ठराव मोठा, आणि तो समोरच्यानं देऊ केलेला.

आमची ग्रामसभा एरवी कोरमअभावी तहकूब होते. त्या दिवशी लोक पायऱ्यांवर उभे होते. दोन्ही पॅनल समोरासमोर बसली होती आणि कोणी कोणाची आई काढली नाही. ठराव वाचला गेला, टाळ्या पडल्या. सूचक यजमानांचे चुलतभाऊ, अनुमोदक आमचे आबा, ठराव सर्वानुमते मंजूर. 'सर्वानुमते' हा शब्द आमच्या ग्रामपंचायतीच्या वहीत यापूर्वी कधी लिहिला गेला असेल असं मला वाटत नाही. मला शाल घातली, नारळ दिला. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसण्याच्या नादात ठरावाचे शब्द मी नीट ऐकले नाहीत.

आणि पत्रंही वाचली नाहीत. हा माझा गुन्हा. पोरांच्या वह्यांतला ऱ्हस्व-दीर्घ न सोडणारी मी, पण ती पत्रं मला वाचण्यासारखी वाटलीच नाहीत. मीच असली शेकड्यांनी लिहिली होती. त्यांत काय असतं ते मला पाठ होतं. आबांनी फाइल बांधून दिली, ती मी तशीच दौंडला नेली.

ताईंनी फाइल हातात घेऊन वजन केलं. "मॅडम, एवढं कशाला? यादीत नाहीये हे."

आबा सोबत होतेच. "यादीत नसू द्या, ताई. पन वजन पडतंय."

"तिथं वजन बघत नाहीत, आबा. वाचतात."

"वाचू द्या की मंग. वाचन्यासारखंच हाय."

पुण्याच्या एका भाषांतरकारांनी सगळ्याचं इंग्रजी करून दिलं. त्यात एका शब्दाचीही चूक नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. भलेपणानं केलेलं काम होतं. ताईंनी सगळं स्कॅन करून अर्ज धाडला. तेव्हा लेकीला सातवा संपत आला होता, आणि हाताशी भरपूर दिवस होते.

मग महिना उलटल्यावर एका सकाळी ताईंचा फोन आला. "मॅडम, दुपारी या. एकट्या या."

आबांना न सांगता मी निघाले. गाळ्यात गेले तर त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पडद्यावरचं पत्र मराठीत सांगितलं. व्हिसा देणाऱ्या साहेबांनी फार सभ्यपणे लिहिलं होतं. आपण पर्यटक म्हणून अल्पकाळासाठी येण्याचा अर्ज केला आहे. परंतु आपण जोडलेल्या कागदांवरून असं दिसतं, की आपण काम करण्यासाठी येत आहात. तसंच आपल्या स्थानिक प्रशासनानं आपल्याला अमर्याद काळ राहण्याची परवानगी दिलेली आहे. याबद्दल आपलं म्हणणं काय, ते दिलेल्या मुदतीत कळवावं. नाही कळवलं तर अर्ज नामंजूर होऊ शकतो.

"ताई, ती फाइल काढा," मी म्हटलं. तिथेच बसून सगळी पत्रं पहिल्यांदा वाचली.

सोसायटीच्या चेअरमननं लिहिलं होतं, की सदर महिला पहाटे चारपासून काम करतात व त्यांना सुट्टी घेण्याची सवय नाही. डेअरीच्या चेअरमननं लिहिलं होतं, की त्या पन्नास माणसांचा स्वयंपाक एकहाती करतात, याचा लाभ आपल्या देशासही व्हावा. तंटामुक्तीच्या अध्यक्षांनी तर मी न्यूझीलंडमधले तंटे मिटवीन अशी हमी दिली होती. आबांचं पत्र सगळ्यांत लांब. मी भावकीतली सात बाळंतपणं केल्याचा त्यात उल्लेख होता, आणि खाली हे होतं: 'आमच्या कुटुंबास मेंढपाळीचा पिढीजात अनुभव असून आपल्या देशातील मेंढरांची संख्या पाहता सदर महिलेचा आपणांस निश्चित उपयोग होईल.' मी आयुष्यात मेंढरू वळलेलं नाही. माझ्या लग्नाआधीच ती विकली होती.

मग ठराव. 'सदर महिलेची परदेशात जितके दिवस आवश्यकता भासेल तितके दिवस त्यांच्या तेथील मुक्कामास ही ग्रामसभा कोणतीही हरकत घेणार नाही. सर्वानुमते मंजूर.'

परत येणार असल्याचा पुरावा मागितला होता. आम्ही परत न येण्याची ना हरकत दिली होती, गोल शिक्क्यासकट.

मला हसूही आलं नाही. तसा विचार केला तर त्यात कुणाची लबाडी नव्हती. आमच्याकडे एखाद्याबद्दल चांगलं सांगायचं म्हणजे तो किती राबतो हे सांगायचं. आणि एखाद्या बाईला मोठ्या मनानं निरोप द्यायचा तर म्हणायचं, खुशाल जा, घरची काळजी करू नको, लागतील तेवढे दिवस राहा. सगळ्यांनी मनापासून माझं भलं चिंतलं होतं. माझी लेक तिथे दिवस मोजत होती आणि माझ्याच गावानं माझ्या वाटेत धोंडा आणून ठेवला होता, वर त्याला हार घातला होता.

घरी येऊन आबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मंग काय झालं? ग्रामसभा घीऊ आन् ठराव फिरवू. म्हंजी असं लिवायचं, की बाईंनी तीन म्हैन्याच्या आत माघारी यायचंच. न्हाई आल्या तर गाव आणील." विशेष ग्रामसभेची नोटीस काढायची, आठवडा जाईल, एवढंच.

पण सरपंचांचे यजमान ऐकेनात. एकदा दिलेली परवानगी काढून घ्यायची म्हणजे माझा अपमान आहे, असं त्यांचं मत पडलं. खरं कारण वेगळं होतं. ठराव त्यांचा, आणि तो रद्द करायला सांगतायत आबा. दोन दिवसांत हा गावचा प्रश्न झाला. एक पॅनल म्हणे मला परत आणलंच पाहिजे, दुसरं म्हणे मला राहू द्यायलाच पाहिजे. पिठाच्या गिरणीत माझ्या मुक्कामावरून दोघांची जुंपली. मी त्याच गिरणीत दळण घेऊन उभी होते. मला कोणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी लेकीचा फोन आला. तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. व्हिसाचं काय झालं, तिनं विचारलं. मी म्हटलं, होतंय. ती म्हणाली, "नसेल जमत तर राहू दे, आई. मी करीन." दोन वर्षांपूर्वीही ती असंच बोलली होती.

फोन ठेवून मी ओट्यावर गेले. आबा दोन माणसांना घेऊन नोटिशीचा मजकूर सांगत बसले होते. लग्नाला चौतीस वर्षं झाली, मी थोरल्या दिरासमोर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "आबा, बास करा. तुमच्या ठरावानं माझी पोर तिकडं एकटी पडायची वेळ आलीय. आता ना ग्रामसभा, ना पत्र, ना शिक्का. जे लिहायचं ते मी लिहीन आणि मी एकटी सही करीन." ती दोन माणसं चपला शोधत निघून गेली.

आबांनी नोटिशीचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "काय लिवनार हाय?"

"कामाला जात नाही असं लिहिणार. लेकीजवळ बसायला जातेय असं लिहिणार."

"नुसतं बसाया?" त्यांना ते खरंच समजत नव्हतं. "एवढ्या लांब कुनी नुसतं बसाया जातंय व्हय, बाई? कोन इश्वास ठिवंल?"

त्यांचंही बरोबर होतं. आमच्या घरातली बाई कुठे गेली तर कुणाच्या बाळंतपणाला, कुणाच्या आजारपणाला, कुणाच्या लग्नाच्या पोळ्यांना. बसायला म्हणून कोणी गेल्याचं मलाही आठवेना.

दुसऱ्या दिवशी दौंडला ताईंच्या गाळ्यात बसून मी एक पान लिहिलं. जन्मभर दुसऱ्यांसाठी लिहिलं ते झराझरा झालं, आणि हे एक पान दुपारचे तीन तास पुरलं. सोबतची पत्रं माझ्या माणसांनी प्रेमानं लिहिली आहेत, असं लिहिलं. आमच्याकडे प्रेम असंच लिहितात. मी तिथे कुणाचा स्वयंपाक करायला येत नाही, मेंढरं मला वळता येत नाहीत. माझी लेक घाबरली आहे आणि मला तिच्याजवळ बसायचं आहे. तीन महिन्यांनी मी परत येईन, कारण माझं घर इथे आहे. ते रिकामं असतं, पण माझं आहे.

ताईंनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला आणि टाइप करायला घेतलं. घरी आल्यावर आबांनी त्याची प्रत मागितली. ओळीवर बोट ठेवत सगळी वाचली. "आन् माजी सही कुटं?"

"लागत नाही, आबा."

त्यांनी कागद घडी करून परत दिला आणि गोठ्याकडे निघून गेले.

व्हिसा आला. पण ह्या लिहिण्या-कळवण्यात अठरा दिवस गेले होते. आता तारखेला जेमतेम आठवडा उरला होता, आणि तिकीट चार दिवसांनंतरचं मिळालं. कासुर्डीहून विहीणबाईंनी अळीव, डिंक, बाळंतशेप आणि घरचं तूप असं पोतंभर धाडलं. ताईंनी देशात शिरण्याआधी भरायचा शेवटचा अर्ज उघडला आणि मी एकेक जिन्नस विचारत गेले. बिया चालत नाहीत. हे सांगावं लागेल, तेही सांगावं लागेल, आणि काढून घेतलं तर तक्रार करता येणार नाही. शेवटी मी सगळं मागे ठेवलं आणि जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी तेवढी घेतली. पुढचा प्रश्न होता, गेल्या तीस दिवसांत आपण शेतात गेला होता का? तीस दिवसांत मी शेताबाहेर कधी होते, असं विचारलं असतं तर उत्तर देणं सोपं गेलं असतं. ताईंनी 'हो' लिहिलं. मग बुटांना माती लागलेली आहे का, ते होतं. माती लागलेली असली तर विमानतळावरच अडवतात, असं ताई म्हणाल्या.

निघायच्या आदल्या दुपारी मी परसदारी गेले आणि जागच्या जागी थांबले. बोअरच्या नळाखाली आबा उकिडवे बसले होते. एका हातात माझा बूट, दुसऱ्या हातात दात घासायचा जुना ब्रश. तळव्याच्या खाचांमधली काळी माती ते खिळ्यानं उकरून काढत होते. धाकट्या भावाच्या बायकोचं पायताण थोरला दीर हातात घेतो, हे आमच्याकडे कोणी बघितलं असतं तर वर्षभर पुरलं असतं. मी आत वळले. त्यांना मी दिसले नाही असं आम्ही दोघंही धरून चाललो. त्या दिवशी माझा त्यांच्यावरचा राग गेला.

बाळ मात्र थांबलं नाही. पहिलं विमान उतरल्यावर मधल्या विमानतळावर फोन सुरू केला, तर जावयांचा फोटो आला होता. मुलगा. दोघं बरी आहेत. माझ्या बाजूला बसलेल्या अनोळखी बाईला मी फोटो दाखवला, तिनं माझा हात दाबला. आनंद झाला आणि लगेच त्याच्या मागून संतापही आला. अठरा दिवस. ती कळा देत होती तेव्हा मी ढगांत बसून ट्रेमधलं दही खात होते. सात बाळंतपणं केली म्हणून जिचा डंका पिटला, ती स्वतःच्या लेकीच्या वेळेला नव्हती. मी तिथेच, खुर्च्यांच्या रांगेत बसून रडले.

ऑकलंडला उतरल्यावर एका तरुण साहेबांनी माझे बूट उलटे करून बघितले, पुन्हा बघितले आणि मान डोलावून परत दिले. कोणीच काही अडवलं नाही. जावई घ्यायला आले होते. बाळबाळंतिणीला इथे एका दिवसात घरी सोडतात, असं ते वाटेत म्हणाले.

घरात शिरताना मी पदर खोचूनच शिरले. आता काम दिसेल त्याला हात घालायचा, चुकलेल्या वेळेची कसर भरून काढायची. पण बघते तर भात लावलेला, भांडी घासलेली, कपडे वाळत घातलेले. बाळाला अंघोळ जावयांनीच घातली होती. मी स्वयंपाकघरात उभी राहून हात कुठे ठेवावेत ह्या विचारात होते, तेवढ्यात आतून हाक आली.

लेक पलंगावर बसली होती. चेहरा ओढलेला, केस बांधलेले नाहीत. मी सवयीनं म्हटलं, "तेल कुठाय? डोक्याला लावून देते. काही खाल्लंस का?"

"आई, काही करू नकोस. इथं बस."

मी बसले. ती सरकली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली. "खूप दुखलं गं," म्हणाली. "आणि खूप भीती वाटली." मी तिला थोपटलं. केसांतून हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं तिचा श्वास जड झाला. दोन दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, असं जावई नंतर म्हणाले.

माझ्या पायाला मुंग्या आल्या, मग पाय जाणवेनासा झाला. खिडकीतलं ऊन भिंतीवर सरकलं. बाजूच्या पाळण्यात बाळ चुळबुळलं आणि बारीक आवाजात रडू लागलं. जावई लगबगीनं आत आले, त्यांनी त्याला दुपट्यात गुंडाळलं आणि दोन्ही हातांवर घेऊन माझ्यासमोर धरलं. मी माझ्या नातवाला पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघत होते.

"घ्या ना, आई," ते म्हणाले.

"थोड्या वेळानं द्या," मी हळूच म्हटलं. "मांडी मोकळी नाही."